जोनालिनचा बान्ताय

फेलिसिताससारखी नर्स अख्ख्या सामार बेटावर सापडायची नाही, असं लोक म्हणतात. त्यातले निम्मे वैतागून म्हणतात. बाई कामाला वाघ, पण राग सदा नाकाच्या शेंड्यावर. नोकरीला सव्वीस वर्षं झाली, त्यातली शेवटची अकरा सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला, मनाच्या आजारांच्या वॉर्डात. मोठं वादळ घरं-माणसं घेऊन गेलं आणि मागे उरलेल्यांपैकी कित्येकांची झोप उडाली, वाचा बसली, तेव्हा हा आठ खाटांचा वॉर्ड निघाला. वादळ लोक हळूहळू विसरले, खाटा मात्र रिकाम्या राहिल्या नाहीत. आता त्यांवर नवऱ्यांनी बडवलेल्या बाया येतात, बापांना भ्यालेली पोरं येतात. डॉक्टर आठवड्यातून दोनदा. बाकी सगळं फेली.

जोनालिन आली ती ओल्या कपड्यांनी. कोळ्यांनी तिला समुद्रातून, छातीभर पाण्यातून ओढून आणली होती. वय एकतीस. तोंडातून शब्द नाही. बरोबर नवरा होता, आर्नेल. दुसरेपणाचा, पण काय माणूस! ‘माना फेली, माना फेली’ करत, म्हणजे ताई-ताई करत, मागे असायचा. बायकोला वारा घालायचा, भाताची पेज फुंकून भरवायचा, केस विंचरून द्यायचा.

आमच्या इस्पितळात पेशंटबरोबर बान्ताय लागतो, म्हणजे राखणीला घरचं माणूस. अंग पुसणं, भरवणं, औषधं आणणं, खाटेशेजारी चटई टाकून झोपणं, सगळं त्याचं. ज्याला बान्ताय नाही त्याच्याकडे अख्खा वॉर्ड कीव करून बघतो. गळ्यातला पास देणं आणि काढून घेणं फेलीच्या हातात होतं. तिने आर्नेलला पास दिला, वर दोन खाटांवरच्या बायांना ऐकवलंही, “बघा! नवरा असावा तर असा.”

शेजारच्या खाटेवर मुलाची राखण करणारी लोला पासिंग, सत्तरीची म्हातारी, फणकारून म्हणाली, “हो, हो. माझा म्हातारा असा असता तर मीही मुकीच झाले असते.”

“का गं लोला, तुझं काय दुखतंय?”

“माझं काही दुखत नाही बाई. मी आपली बघते. तो सिगारेट ओढायला गेला की ही पेज पिते. तो आला की तोंड मिटते.”

फेलीने ते कानाआड केलं. म्हातारीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांना ठाऊक. पण चौथ्या दिवशी सकाळी ती चादर बदलायला गेली आणि जोनालिनचे केस बाजूला झाले. मानेवर चार बोटांचे डाग. जुने, पिवळे पडलेले. आणि आर्नेल केस विंचरताना नेमका तिथेच हात ठेवून बसायचा.

फेलीच्या डोक्यात तिडीक गेली. चार दिवस आपण या मेल्याचं कौतुक करत होतो! तिने भर वॉर्डात त्याच्या गळ्यातला पास ओढून काढला.

“चालता हो.”

“माना, मी काय केलं?”

“तिच्या मानेला विचार! पुन्हा या दारात दिसलास तर पहारेकऱ्याला हाडं मोडायला लावीन. घरी जा, घरी!”

आर्नेलने जोनालिनकडे एकदा पाहिलं, पंखा खाटेवर टाकला आणि गेला. बारा वाजत आले होते. वॉर्डातल्या बान्ताय बायांनी टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या. फेली रुबाबात आपला डबा उघडून बसली.

दोन घास झाले असतील, एवढ्यात लोला पासिंग ओरडली. चार दिवस कूस न बदललेली जोनालिन खाटेवरून उतरून दाराकडे धावत होती. पहारेकऱ्याने अडवलं तर त्याला ढकलत होती, घशातून नुसता घोगरा आवाज. फेलीने तिला मागून मिठी मारली, मग भान येऊन सोडली. न विचारता हात लावायचा नाही, हे तीच नव्या पोरींना शिकवायची.

“जोनालिन, मी फेली. तो गेला. आता तो येणार नाही.”

जोनालिन आणखीच झटे घ्यायला लागली. फेलीला वाटलं, मारणाऱ्याचीच ओढ लागते कधीकधी, पाहिलंय की आपण. तिने तिला हळूहळू जमिनीवर बसवलं, स्वतः हातभर अंतरावर बसली आणि पासचं कोरं कार्ड पुढे धरलं.

“तो नको ना? मग तू सांग. तुला बान्ताय कोण हवंय? ज्याचं नाव घेशील त्याला आणते.”

जोनालिनचे ओठ हलले.

“क्वीनी.”

“बहीण?”

मान नकारार्थी हलली. “मुलगी. नऊ वर्षांची.”

नऊ वर्षांचं पोर कुठलं बान्ताय व्हायला, असं फेली म्हणणारच होती. मग तिच्या ध्यानात आलं. मुलगी. म्हणजे आधीच्या घरची. आणि तो... “क्वीनी कुठाय आत्ता?”

“शेजारणीकडे.” आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा येत होता. “तो घरी आला की तिला घरी नेतो. माना, तो इथे असला की तिथे नसतो. म्हणून मी गप्प होते.”

येशू, मारिया, योसेफ! फेली ताडकन उठली. ही बाई चार दिवस त्या माणसाच्या हातची पेज नाकारत, त्याचा हात मानेवर सोसत त्याला खाटेशी बांधून बसली होती. बायको इस्पितळात असताना नवरा राखणीला बसला नाही तर गाव थुंकेल, म्हणून तोही बसला होता. आणि आपण? टाळ्या घ्यायला त्याला सोडून दिलं. घरी जा म्हणालो, घरी!

तिने फोन घेतला. पोलिसांकडच्या बायका-पोरांच्या कक्षातली सार्जंट तिच्या ओळखीची. मग नवऱ्याला लावला. तिनॉय रिक्षा चालवतो.

“तिनॉय, जेवण टाक आणि रिक्षा काढ. पोलीस चौकीवरून सार्जंटला घे आणि जोनालिनच्या गावी जा, तिची पोर शेजारणीकडे आहे.”

“अगं, पण झालं काय?”

“माझा शहाणपणा झाला! आधी जा.”

मग थांबणं आलं. जोनालिन भिंतीला टेकून बसलेली, फेली तिच्यासमोर. काही होणार नाही, सगळं ठीक होईल, असं म्हणायची फार इच्छा झाली. पण तसं खोटं बोलू नये, एवढं सव्वीस वर्षांनी शिकवलं होतं. म्हणून ती फक्त खरं तेवढं सांगत राहिली. “रिक्षा चौकीवर पोचली.” “सार्जंट बसली.” “पुलापाशी आहेत.” जोनालिन प्रत्येक वाक्याला मान हलवायची आणि पुढच्या वाक्याची वाट बघायची. लोला पासिंग मुलाला सोडून जपमाळ घेऊन शेजारी येऊन बसली, आणि जन्मात पहिल्यांदा एक अक्षर बोलली नाही.

पाऊण वाजता तिनॉयचा फोन आला. “बाजारात त्यांच्या गावाला जाणारी जीपनी गाडी उभीय बघ अजून. भरली नाही म्हणून हलली नाही. तू खुणा सांगितल्यास तोच माणूस टपाकडे तोंड करून घाम पुसत बसलाय. आम्ही पुढे निघालो.”

फेलीने हे जसंच्या तसं सांगितलं. जोनालिनने डोळे मिटले. अर्ध्या तासाने आणखी एक फोन. “पोरगी माझ्या मागे बसलीय. शेजारणीने दप्तरही दिलं.”

अडीचच्या सुमाराला क्वीनी दारात उभी राहिली. शाळेचा निळा स्कर्ट, पायात वेगवेगळ्या जोड्यांमधल्या चपला. मागे सार्जंट होती, हातात तक्रारीचे कागद. बारा वर्षांखालच्या मुलाला वॉर्डात यायची बंदी आहे, अशी पाटी दारावर होती, पण पहारेकरी त्या वेळी भलतीकडे बघत होता. जोनालिनने मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कान पाहिले, हात उलटेसुलटे करून पाहिले.

“जेवलीस?”

“नाही.”

फेलीने आपला डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडून घेतलं. परत आली तेव्हा पोरगी वाळलेली मासळी भातात कुस्करत होती, आणि आईही जेवत होती.

फेली खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती. “जोनालिन, चुकलं माझं. त्याला घालवायच्या आधी मी तुला विचारायला हवं होतं.”

आमच्याकडे अशा वेळी माणूस हसून ‘असू दे’ म्हणतो. मोठ्या माणसाला तर म्हणावंच लागतं. जोनालिन हसली नाही. तिने घास गिळला, फेलीकडे सरळ पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “विचारायला हवं होतंत.”

फेलीच्या ते वर्मी लागलं. पण चार दिवसांत पहिल्यांदाच तिला वाटलं, ही बाई बरी होणार.