कडेला मुंग्या नकोत

पनवेलमध्ये माझा सायबर कॅफे होता तेव्हा आत येणारा प्रत्येक जण आधी "नेट चालू आहे ना?" असं विचारायचा. बाई मात्र दारात चपला काढायच्या, पर्समधला चष्मा पदराने पुसायच्या आणि विचारायच्या, "आज जसंच्या तसं जाईल ना?" नव्या गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारी लोणच्याची बरणी पाठवतेय. प्रत्यक्षात त्या एक अक्षर पाठवत असत. आठवड्याला एक, इस्रायलला.

बाई म्हणजे शाळेतल्या आमच्या मराठीच्या बाई. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्या गावाला त्या रस्त्यात थांबवून पाठ ताठ करायला लावत. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. नातलग एकेक करून तिकडे गेले, मग लेकही गेली. बाई इस्रायली तलावाजवळच्या आपल्या घरात राहिल्या. लेक दर फोनला "आई, आता ये" म्हणायची. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "माझी नात माझं अक्षर वाचू शकत नाही. त्या घरात येऊन मी काय भिंतींशी बोलू?" नात म्हणजे नोआ. तिला मराठी कळायचं, थोडं बोलताही यायचं, पण वाचण्याच्या नावाने शंख. बाईंना हे फार लागलं होतं.

म्हणून त्यांनी माझ्या कॅफेत शाळा काढली. पॉवरपॉइंटमध्ये एका पानावर एक मोठं अक्षर, त्याखाली फोटो आणि फोटोशेजारी शब्द. पहिलं पान मेलने गेलं आणि रात्री नोआचा घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन आला, "आजी, तू मला शिव्या दिल्यास का?" माझ्या संगणकावरचा मराठी फॉन्ट तिच्याकडे नव्हता. क कमळाच्या जागी तिला डॉलर, दोन उद्गारचिन्हं आणि एक टक्का दिसला होता. दुसऱ्या दिवशी बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा मी आपोआप खुर्चीतून उठलो.

मग मी एक वेबसाइट शोधली. फाइल तिच्यावर चढवायची, ती तिचं चित्र करून देणार. चित्राला फॉन्ट लागत नाही. पहिल्यांदा मी जेपीजी केलं. बाईंनी ते मोठं करत करत क चा पोटातला भाग स्क्रीनभर आणला आणि म्हणाल्या, "याच्या कडेला मुंग्या लागल्यात." खरंच काळ्या रेषेभोवती बारीक करडे ठिपके होते. पीएनजी केलं, त्यात काहीच हरवत नाही असं समजावलं. बाईंनी पुन्हा सगळ्या कडा तपासल्या. "हं. हे स्वच्छ आंघोळ करून आलंय." तेव्हापासून जेपीजी हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय राहिली नाही.

दुसरा हट्ट टेम्प्लेटचा. एकदा कुणीतरी त्यांच्या पानावरच आपला बायोडाटा टाइप करून ठेवला. मी सांगितलं, टेम्प्लेट म्हणून जपून ठेवलं की उघडताना दर वेळी नवी प्रत उघडते, मूळ पान तसंच राहतं. बाई खूश झाल्या. "म्हणजे करंजीचा साचा. करंज्या खा किती खायच्या त्या, साचा कुणी खात नाही." मी त्यांना एक टेम्प्लेट बनवून दिलं आणि विसरू नये म्हणून तळाशी फिकट अक्षरांत एक सूचना ठेवली, 'इथे शब्द लिहावा'. बाईंनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. शब्द फोटोशेजारीच शोभतो, हे त्यांचं मत कायम होतं. आधी गेलेली पानंही मग त्याच टेम्प्लेटात बसवून पुन्हा पाठवली.

फोटोही पुस्तकातले चालत नसत. "ट टोपीचा कशाला? टोपी जगात कुठेही मिळते. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला जा, ट्रकचा फोटो काढून आण." मी स्कूटर काढून गेलो. ट्रकपेक्षा ड्रायव्हरच जास्त हौसेने उभे राहिले. आल्यावर बाई म्हणाल्या, "आता गेलाच होतास तर य यार्डाचा पण आणायचास की." लोखंडाच्या यार्डासाठी मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. चाळिशीला टेकलेला माणूस, पण बाईंनी सांगितल्यावर नाही म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती.

फाइल वर चढत असताना बाई स्क्रीनवर हात ठेवून उभ्या राहत आणि कॅफेतल्या सगळ्यांना नेट वापरायची बंदी असे. एकदा उरणच्या मोरा बंदरातले एक कोळी काका पोराचा निकाल बघायला आले होते. तिसऱ्यांदा घड्याळ बघून म्हणाले, "बाय, आमची मोऱ्याची लाँच येवढ्यात भाऊच्या धक्क्याला लागली आसती. तुमची फाइल आजून हितंच हाय."

"लाँचमध्ये माणसं भिजतात, दादा," बाई म्हणाल्या. "माझं अक्षर कोरडं पोचलं पाहिजे."

त्या वेबसाइटवर जाहिरातींची मोठमोठी हिरवी बटणं होती. बाई नेमकी तीच दाबत आणि आम्हाला कधी लॉटरी लागे, कधी वजन कमी करायचं औषध मिळे. खरं बटण कोपऱ्यात, बारीक. "खोटं बोलणाऱ्यांना पहिल्या बाकावर बसवलंय यांनी," असं म्हणून त्या चष्मा सावरत आणि पुन्हा चुकीचंच बटण दाबत. शनिवारी मात्र, शब्बाथ म्हणजे त्यांचा विश्रांतीचा वार म्हणून, त्या माउसला हात लावत नसत. त्या दिवशी कॅफेत भयंकर शांतता असायची आणि धंदा बरा व्हायचा.

ज्ञ गेला आणि पुढे बरेच दिवस तिकडून काहीच आलं नाही. बाई रोज येऊन नुसत्या बसून जात. मग एका सकाळी नोआचा मेल आला. तिने सगळी पानं छापून घेतली होती आणि स्कॅन करून परत पाठवली होती. पहिलं पान उघडताच बाई ओरडल्या, "हे तळाला काय?" प्रत्येक पानावर, फिकट पण स्पष्ट, 'इथे शब्द लिहावा'. पडद्यावर पान दाखवताना ती सूचना दिसत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. वेबसाइटने मात्र तीही चित्रात उतरवली होती, जशीच्या तशी. कडा तपासण्याच्या नादात आम्ही दोघांनी खाली पाहिलंच नव्हतं. "म्हणजे इतके दिवस मी पोरीला हुकूम सोडत होते?" बाई म्हणाल्या.

पोरीने हुकूम पाळला होता. प्रत्येक सूचनेखाली पेन्सिलीने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, तिचा स्वतःचा शब्द होता. क ला काकडी. ट ला टीव्ही. म ला मांजर, त्यावरचा अनुस्वार शेजारच्या अक्षरावर गेलेला. बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं, ते मी मॉनिटरच्या काचेपासून कसंबसं दूर धरलं. मग य चं पान आलं. यार्डाच्या फोटोखाली नोआने लिहिलं होतं, 'ये'.

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "बरोबर लिहिलंय," एवढंच म्हणाल्या. मग त्या पानाची प्रिंट मागून घेतली आणि ती पर्समध्ये ठेवता ठेवता विचारलं, "विमानाची तिकिटं पण तुझ्याकडेच काढून मिळतात ना?" मिळत होती. इतकं नकोसं काम मी दुसरं कुठलंच केलेलं नाही.

जाण्याआधी त्यांच्या घरी मलिद्याची प्रार्थना होती. ताटात गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि प्रार्थना म्हणणारी, गावात उरलेली त्यांच्यातली मोजकीच माणसं. बाईंनी माझ्या हातावर मलिदा ठेवला आणि म्हणाल्या, "साचा सांभाळ. मूळ पानाला कुणाला हात लावू देऊ नकोस." मला रडू आलं. त्यांनी पाठ ताठ कर म्हणून सांगितलं.

महिन्याभराने एका शनिवारी सकाळी कॅफे उघडला तर त्यांचा मेल येऊन पडला होता, आदल्या दिवशी पाठवलेला. सोबत एक पीएनजी. आमचंच टेम्प्लेट, वर मोठ्या अक्षरांत 'पोचले' आणि तळाशी, या वेळी मुद्दाम ठेवलेलं, 'इथे शब्द लिहावा'. मी ते मोठं करत करत सगळ्या कडा पाहिल्या. एकही मुंगी नव्हती. मग पान छापलं, तळाच्या ओळीखाली पेनाने लिहिलं, 'या', स्कॅन करून त्याचं पीएनजी केलं आणि पाठवून दिलं. शनिवार होता, त्यामुळे आज उत्तर येणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी दुपारपर्यंत मी गिऱ्हाइकांना त्या संगणकावर बसू दिलं नाही.