गोगलगायीची पाणीपाळी

निरवांगीचे रावजी पाटकरी कॅनॉलच्या चारीवर पाणी सोडायचे. मंजूर पाळीशिवाय त्यांनी सख्ख्या मेहुण्याच्या वांग्यांनाही कधी थेंब दिला नाही. मेहुणा महिपती चार वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता.

१९३४ सालच्या माघात त्यांचा लहानपणचा मित्र सिकंदर सुट्टीवर आला. तो जहाजावर खलाशी. एका लांबच्या बेटावरच्या जंगलातून त्यानं पत्र्याच्या डबीत एक गोगलगाय आणली होती, पिवळसर, नखाएवढी. त्या बेटाबाहेर ती जगात कुठंच नाही आणि तिथंही थोड्याच उरल्यात, असं त्याला कुणा साहेबानं सांगितलेलं. परत जाताना त्यानं डबी रावजींच्या हातात दिली. "मी येईस्तोवर ही जित्ती पायजे," एवढंच म्हणाला. आजवर त्यानं दुसरं काही मागितलं नव्हतं.

रावजींनी तिला परसातल्या केळीवर ठेवलं. चैत्रात केळ सुकली आणि गोगलगायीनं शंखाच्या तोंडावर पापुद्रा ओढून घेतला. मेली की निजली, कळेना. विहिरीचं पाणी खारं. ते तिला चालणार नव्हतं. प्रयागबाई नवऱ्याला म्हणाल्या, "पाट तुमच्याच हातात हाय. तांब्याभर घ्या की."

"तिची पाळी न्हाय," रावजी म्हणाले.

मग ते माझ्याकडं, गावच्या मास्तराकडं, शाळेत अर्ज लिहून घ्यायला आले. पीक: गोगलगाय. क्षेत्र: एक केळ. कॅनॉलच्या कचेरीतल्या कारकुनानं पिकांची यादी दोनदा वाचली आणि पीक बारमाही आहे का, असं विचारलं. जगलं तर बारमाही, असं रावजींनी सांगितलं. नोंद फळबागेत झाली. दर दहा दिवसांनी एक तांब्या मंजूर.

पाळीच्या दिवशी सकाळी निम्मं गाव चारीवर जमलं. तिच्यानंतरचा नंबर महिपतीचा होता. रावजींनी चारीच्या दाराची फळी उचलली, तांब्या भरला, फळी टाकली आणि सगळ्यांना मागं घेऊन परसातल्या केळीवर धार धरली. बऱ्याच वेळानं पापुद्रा फाटला आणि एक शिंग बाहेर आलं.

"हिला देतोस, आन् मला तवा न्हाय दिलंस," महिपती म्हणाला. चार वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य.

"तिनं अर्ज केलाय," रावजी म्हणाले.

दिवाळीत सिकंदर आला. त्यानं केळीचं पान उलटलं. गोगलगाय होती आणि तिच्याशेजारी ज्वारीच्या दाण्याएवढी आणखी एक. एकटीलाही पिल्लू होतं, असं साहेब म्हणाला होता, ते त्याला आठवलं.

"ही दुसरी किती दिवसांची?"

"आठ," रावजी म्हणाले. "आईच्या पाण्यावर भागवतीया. मंजुरी अजून यायची हाय."