गाडीखालून एक ठोका

बाबांना जाऊन सात महिने झाले होते आणि त्यांची गाडी अजून तेल गाळत होती. मानपाड्याच्या आमच्या इमारतीत, खाली खांबाशेजारी ती उभी असे. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो गियरचा लोखंडी गोळा असतो, त्या डिफरन्शियलमधून दिवसाला पाच-सहा थेंब पडत. आई खाली पुठ्ठा ठेवी आणि रोज सकाळी तो बदली. आजारपणात बाबांची चादर बदलायची, तशीच.

मग एका बाईची स्कूटर त्या तेलावरून घसरली. सेक्रेटरी वर आले. "वहिनी, रविवारपर्यंत गळती थांबवा, नाहीतर गाडी भंगारात द्या. आता चालवतंय कोण?"

ते गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "भंगारात नको रे."

इतक्या जुन्या गाडीला हात लावायला मेकॅनिक तयार होईना. मी ग्रंथालयात नोकरी करणारा माणूस. गाडीचं जुनं पुस्तक शोधलं, तेल अडवणारी रबरी कडी, म्हणजे नवं ऑइल सील, आणलं.

बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. कारखान्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही म्हणून तिथे ठोक्यांनी बोलायचे, आणि ती सवय घरीही आली. गाडीखालून पान्याचे दोन ठोके म्हणजे पुढचा पाना दे. एक ठोका म्हणजे झालं, चहा टाक. आई उजेडासाठी बॅटरी धरून स्टुलावर बसायची.

रविवारी सकाळी ती तशीच बसली. मी पुस्तक घेऊन गाडीखाली सरकत होतो, तेव्हा तळमजल्यावरचे काका म्हणाले, "काय मास्तर, गाडीला वाचून दाखवणार?"

इंजिनाकडून गोळ्याकडे येणारा शाफ्ट सोडवला, गोळ्याच्या तोंडाचा मोठा नट काढला, आणि मग पुढचं पान वाचलं. नट परत नेमका पहिल्या जागी यायला हवा. जास्त आवळला तर आतलं बेअरिंग जातं. काढण्याआधी खूण करायची होती.

"आई, मी खूण केलीच नाही."

"ते करायचे. पुसून बघ."

रॉकेलच्या फडक्याने पुसलं. नटावर टोकदार पंच ठोकून मारलेला एक ठिपका होता, नट ज्यावर बसतो त्या दांड्याच्या टोकावर दुसरा. हे सील त्यांनी पूर्वी एकदा बदललं होतं. त्या दिवशी मी बहुधा वर वाचत बसलो होतो.

जुनं सील कडक होऊन चिरलं होतं. नवं बसवताना हातोडी दोनदा वाजली. लगेच बॅटरीचा उजेड हलला आणि गाडीखाली आईचा हात आला. हातात पाना होता.

"हे घ्या," ती म्हणाली.

मला ती नेहमी 'घे' म्हणते. मी आहे, असं सांगायला हवं होतं. मी पाना घेतला.

नट आवळत आणला, दोन ठिपके समोरासमोर आले तिथे थांबलो. शाफ्ट जोडला, तेल भरलं, नवा पुठ्ठा सरकवला आणि त्या उग्र वासात उताणा पडून वाट पाहिली. बराच वेळ गेला. पुठ्ठा कोरडाच होता.

"झालं का हो?" आईने विचारलं.

मी पाना उचलला आणि लोखंडावर एकदा वाजवला.

स्टूल सरकल्याचा आवाज आला. तिची पावलं जिन्याकडे गेली, चहा टाकायला.