भाड्याचा लष्करी बँड
स्मृतिदिन समितीच्या अध्यक्षाने मला फसवलं. शहीद जवानाच्या कार्यक्रमाला लष्करी बँड आणतो म्हणून त्याने माझ्याकडून पूर्ण फी घेतली. नवी पेठेत टॉवेलासाठीही घासाघीस करणारा मी, त्या दिवशी एक रुपयाही कमी करायला सांगितला नाही. पितळेच्या पॉलिशचा वास आला की ते मैदान आठवतं. कडक गणवेशातला क्लॅरिनेटवाला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "शेठ, वळखलं न्हाय व्हय? तुमच्या पोरीच्या वरातीला आमीच हुतो की." माझं डोकं फिरलं. अध्यक्षाची कॉलर धरायला निघालो, तर करकंबहून आलेला जवानाचा बाप त्या बँडसमोर ताठ उभा राहून सलाम करत होता. मी जागीच थांबलो. माझे पैसे मी आजही वसूल करीन. त्या सलामाचा जाब मात्र अध्यक्षाने द्यावा.