मावशीचा खिळा

शिवणवाल्या मावशीने आयुष्यात नऊ भाड्याच्या खोल्या बदलल्या, आणि नऊही मालकांनी पहिल्याच दिवशी तिला बजावलं, "भिंतीला खिळा ठोकायचा नाही." त्यामुळे तिच्या नवऱ्याचा फोटो कायम शिलाई मशीनवर, दोऱ्याच्या रिळांना टेकून उभा असायचा. मशीन धडधडायला लागलं की तो पालथा पडायचा. "जिवंतपणीही असाच होता. काम निघालं की आडवा," ती म्हणायची. आपल्या भिंतीवर आपण खिळा ठोकायचा, एवढीच तिची हौस होती.

आम्ही तेवीस भाडेकरू कुटुंबं एकत्र आलो ती तिच्यामुळेच. मशीन बंद करून ती दारोदार फिरली, अर्ज भरून घेतले, ज्यांना सही येत नव्हती त्यांना शिकवली. एका ट्रस्टने जमीन आणि सामान दिलं. घरं आमची आम्ही बांधायची. जमिनीची मोजणी झाली तेव्हा घरं बावीसच बसली. "वाटेत एखादं कुटुंब गळेलच," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे आमच्यातलेच एक निवृत्त कंपाउंडर. सगळ्यांना पटलं, कारण गळणारा आपण नसतोच.

सुरुवातीला काही जण रविवारी नुसते खुर्ची टाकून सूचना द्यायला यायचे. मावशी बैठकीत उठली. "उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचे तास धरायचे नाहीत. विटा, वाळू, पाणी, जो अंगाने राबेल त्याचेच तास. ज्याचे सगळ्यात कमी भरतील, त्याला घर नाही." टाळ्या पडल्या. ठराव लिहिला गेला आणि खाली पहिली सही तिने केली.

सहा महिन्यांनी तिचे गुडघे गेले. पण घरी बसेल तर ती मावशी कसली! बांधकामाच्या कडेला ताडपत्री बांधून ती आमची पोरं सांभाळायला लागली. एकूण चौदा. त्यांची नाकं पुसायची, भांडणं सोडवायची, उसवलेले कपडे तिथेच शिवायची. माझ्या दोन्ही मुली तिच्याकडेच असत. म्हणून तर माझी बायको दिवसभर विटा वाहू शकली, आणि ते तास आमच्या नावावर चढले. मावशीच्या नावावर काय चढणार? ती तर बसलेली होती.

दोन वर्षांत घरं उभी राहिली. कुणीच गळलं नाही. अध्यक्षांनी तासांची यादी वाचली, त्यात बाविसावे आम्ही आणि तेविसावी मावशी.

"पोरं सांभाळली, त्याचे तास धरायला हवेत," कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "धरू की. पण मग हे मागे जातात," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ठराव बदलायचा असेल तर हात वर करा."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी उचलला असता तर त्यांनीही उचलला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. मी पुस्तकबांधणीचं काम करतो, माझं पोट हातांवरच आहे. ते दोन्ही हात मी मांडीखाली दाबून बसलो. बायकोने माझी बाही धरून ठेवली होती, पण तिने उगाच त्रास घेतला.

"नियम मावशीचाच आहे," मागून एक जण म्हणाला, आणि सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं.

"बरोबर आहे. सही माझीच आहे," मावशी म्हणाली. माझी धाकटी तिच्या मांडीवर झोपली होती. तिला जाग येऊ न देता मावशीने ती माझ्या बायकोच्या हातात दिली.

गरज सरो, वैद्य मरो. शाळेत या म्हणीचा अर्थ मी बरोबर लिहिला होता.

घर मिळणारच म्हणून मावशीने जुनी खोली सोडायचं सांगून ठेवलं होतं, आणि मालकाने दुसरा भाडेकरू बघितला होता. बायको म्हणाली, "मागची खोली आपल्याला लागत नाही. परक्याला देण्यापेक्षा मावशीला देऊ. भाडं वेळेवर देईल, पोरींकडेही बघेल." शेजाऱ्यांनी आमच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मला लाज वाटली, आणि पहिल्या महिन्याचं भाडंही मी घेतलं.

मशीन आत आलं. मावशी फोटो हातात धरून भिंतीकडे बघत उभी राहिली. गुडघे धड होते तेव्हा हंडे वाहून या भिंतीवर तिनेच पाणी मारलं होतं. तिने भिंतीवरून हात फिरवला.

"एक खिळा ठोकू का रे?"

हो म्हणायचं म्हणूनच मी तोंड उघडलं होतं. "नको मावशी," मी म्हणालो. "प्लास्टर नवीन आहे. पोपडा निघेल."

तिने वाद घातला नाही. नऊ मालकांनी तिला सवय लावली होती. तिने फोटो मशीनवर ठेवला आणि रिळांना नीट टेकवला.