बातम्यांत ठमाबाई

१९३८ साली रेवदंड्यात एकच रेडिओ होता, दिनानाथशेटच्या दुकानाच्या ओट्यावर. संध्याकाळी त्यावर हिंदुस्थानीत बातम्या लागत आणि जलीलमामा त्यांचं मराठी करून सांगत. मामांनी तीस वर्षं आगबोटींवर काढली होती. भाषा त्यांना चार येत होत्या. माणूस मात्र एकही सोसत नव्हता. विलायतेतला मंत्री काय म्हणाला ते दोन वाक्यांत उरकून ते समोर बसलेल्यांकडे वळत.

"तिकडे लोक विमानं उडवतायत. आणि हा आमचा रावजी, होडीचं तोंड कुठल्या बाजूला ते याला अजून बायको सांगते."

रावजी नवरदेवासारखा लाजे. ओट्यावर नाव निघणं हा गावात मान होता. चांगदेवने तर लेकीची सोयरीक ठरवताना व्याह्यांना ऐकवलं होतं की मामांनी आपल्याला भर बातम्यांत तीनदा गाढव म्हटलंय. व्याही लगेच तयार झाले.

सुकी मासळी विकणारी ठमाबाई रोज पहिल्या रांगेत बसे, पण वर्षभरात तिचं नाव एकदाही निघालं नव्हतं. ती बातम्यांच्या मध्येच शिंकली. लंडन अलिबागच्या अलीकडे की पलीकडे, असंही विचारून झालं. "पलीकडे, बाय," मामा म्हणाले, तेही गोड आवाजात.

शेजारची सोनूबाई फिसकन हसली. "ठमे, तुला नावं ठेवावी असं तुज्यात हाय तरी काय?"

ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन ती मामांच्या दारात गेली आणि त्यांच्या बायकोला, जहुराभाभीला, सरळ विचारलं, "भाभी, मामा माज्यावर रुसलेत काय?"

"रुसतील कशाला? मीच कसम घातलीय," भाभी म्हणाली. "सगळ्या गावाला बोला, पण ठमाबाईला बोललात तर घरात जवळा शिजणार नाही. तुझ्यासारखा साफ जवळा दुसरीकडे मिळतो कुठे?"

ठमाबाई विचारात पडली. जवळा म्हणजे नखाएवढी सुकी कोळंबी. बाकीच्या बायका ती पुळणीवरच, किनाऱ्याच्या वाळूतच, वाळत टाकत. ठमाबाई धुतलेलं जुनं शीड अंथरी, वर दोनदा चाळून घेई. म्हणजे तिचा चांगुलपणाच तिला आडवा आला होता.

पुढच्या खेपेला तिने भाभीच्या वाट्यात मूठभर वाळू टाकली. मग अर्धी वेचून काढली. मग डोळे मिटून पुन्हा टाकली.

त्या संध्याकाळी मामा गाल धरूनच ओट्यावर आले. रेडिओ चालू झाला, पण ते त्याच्यासाठी थांबले नाहीत.

"आधी गावची बातमी. ठमाबाईने समुद्रकिनारा विकायला काढलाय. पुळण घरपोच मिळेल, वर थोडी कोळंबी फुकट."

ओटा हसून हसून लोळला. सोनूबाई सरकून बसली, ठमाबाईला ऐसपैस जागा झाली. चंद्र उगवावा तसा तिचा चेहरा उजळला होता.

सकाळी मात्र पहिल्याच दारात गिऱ्हाइकाने चिमूटभर जवळा तोंडात टाकला आणि कान देऊन चावला. दुसऱ्या दारातही तेच. चौदा वर्षांत तिचा माल कुणी असा चावून घेतला नव्हता. पाचव्या दारी तिला रडू फुटेलसं झालं. ती टोपली घेऊन तडक मामांकडे गेली.

"मामा, वाळू मी मुद्दाम टाकली व्हती."

"मुद्दाम? ती कशाला?"

"तुमी मला बोलावं म्हणून. आता काय ते खरं सांगून टाका, न्हायतर माजा धंदा बसला."

 आत जहुराभाभीला हसू आवरत नव्हतं.

"कसम तर कालच मोडलीत," ती आतूनच म्हणाली. "बोला काय ते."

संध्याकाळी मामांनी झाला प्रकार पहिल्यापासून सांगितला. ठमाबाईचा जवळा साफ असतो, हे एका वाक्यात. उरलेला वेळ तिच्या अकलेवर. आगबोटीवरून अर्धं जग पाहिलं, पण शिवी खाण्यासाठी स्वतःच्या टोपलीत वाळू कालवणारी बाई एडनलाही भेटली नव्हती, म्हणाले. रेडिओवरच्या बातम्या संपून गाणं लागलं, तरी ते थांबेनात.

"पुरे की आता," सोनूबाई कंटाळून पुटपुटली.

ठमाबाईने तिला कोपराने ढोसलं. "गप. ऐकू दे."