दारावरचा आकडा

सकाळी विश्रामबागेतल्या आमच्या दारावर जनगणनेचा माणूस खडूनं आकडा लिहून गेला, आणि मला एकदम ओल्या शेणाचा वास आला.

कोयनेच्या पाण्याखाली गाव गेल्यावर आमची चार घरं माळावर येऊन वसली होती. शेजारचं एकही गाव आम्हाला आपलं म्हणत नव्हतं. तिथंही असाच एक माणूस आला आणि दारावर गेरूनं आकडा घालून गेला. त्याची पाठ वळताच चुलतीनं शेणाचं पोतेरं फिरवून तो पुसून टाकला.

"आवं काकी, नुसती माणसं मोजत्यात," मी म्हणालो.

"तिकडंबी आदी आकडाच घातला हुता, रं. मग उठवलं."

तेव्हा मला हसू आलं होतं.

आज दार लावून घेतलं. जरा वेळानं हळूच उघडून पाहिलं. जिन्यात कुणी नव्हतं. माझ्या हातात ओलं फडकं होतं.